वऱ्हाडाला खाली उतरू न देणारा वधूपिता

धर्माजीची व माझी ओळख बोंबलांमुळे झाली. ज्याच्याविषयी लिहावयाचे त्याची आपली ओळख कशी झाली हे आधी सांगावे, असे माझे मत आहे, म्हणून हे प्रथम नमूद करतो. सन १९३१च्या वैशाखात मी पावसाळ्याच्या बेगमीसाठी दोन टोपल्या ओले बोंबील घेतले होते. आमच्या खारकोंड गावच्या शिवेवर त्याच वर्षी वीज कंपनीने खांब उभे केले होते. खांबाला ताण देणारी एक जाड तार तिरपी येऊन माझ्या शेताच्या बांधात पुरलेली होती. बोंबील वाळत घालण्यास इतकी घट्ट व इतकी फुकटची दांडी मला जन्मात मिळाली नव्हती. मी दोन्ही टोपल्या तिच्यावर रिकाम्या केल्या.

दुपारी खाकी टोपी घातलेला एक मनुष्य हातात लांब सुका बांबू घेऊन आला व बांबूच्या टोकाने एकेक बोंबील खाली पाडू लागला.

"अरे, अरे! कोण तू? तुज्या बापाची तार हाय?" मी ओरडलो.

"बापाची असती तर राहू दिलं असतं, आप्पा. कंपनीची हाय." असे म्हणून त्याने पुढचा बोंबील पाडला. "मासं गेलं तर पुन्यांदा भेटतील. तुमी भेटणार न्हाय."

त्या दिवशी मी त्याला पुष्कळ शिव्या दिल्या. त्याने त्या शेवटपर्यंत ऐकून घेतल्या व नंतर उरलेले बोंबील गोळा करण्यास मला मदत केली. तो धर्माजी, खालच्या आळीत नुकताच राहावयास आलेला तारेचा पहारेकरी व कोंडाजीचा भावी व्याही, हे मला मागाहून समजले. कोंडाजीची ओळख पुढे येईल.

धर्माजीचे काम असे की, रोज चार मैल तारेखालून चालावे, तारेला लागणाऱ्या फांद्या छाटाव्या, खांबावर कोणी चढू नये व खांबाला कोणी गुरे बांधू नये हे पाहावे, आणि काही मोडतोड दिसल्यास गिरणीवर कळवावे. ही वीज डोंगरातल्या वीजघरात तयार होऊन आमच्या शेतांवरून धरमतरच्या खाडीकाठी असलेल्या भातगिरणीत जात असे. आमचे भात आम्ही बैलगाडीने त्याच गिरणीत नेत असू. म्हणजे भात खालून व वीज वरून, अशी दोघांची वाट एकच होती; फक्त परत येताना तांदूळ येई, वीज येत नसे. संपूर्ण गावात तेव्हा एकही विजेचा दिवा नव्हता. खुद्द धर्माजीच्या घरी घासलेटची चिमणी होती, आणि लोक त्याला विचारीत, "काय रे, येवडी राखण करतोस, कंपनी बाटलीभर देत न्हाय व्हय घरला न्यायला?" काही म्हातारी माणसे त्याला पाऊस कधी पडेल ते विचारीत, कारण आकाशातली वीज व कंपनीची वीज यांचा मालक एकच असावा असा त्यांचा समज होता. ग्रामपंचायतीने तर तारेखालून वरात नेल्यास तारेचा मान म्हणून नारळ फोडण्याचा ठराव केला होता. वीज येण्यापूर्वीच गावाने तिला देवस्थान केले, पण तिचे नियम मात्र कोणी विचारले नाहीत.

नियम धर्माजीला कंपनीच्या फोरमनने तोंडपाठ करविले होते. पडलेली तार मेलेली आहे असे कधीही समजू नये. तीस पावलांच्या आत जाऊ नये. आणि गाडीवर तार पडली, तर गाडीतल्यांनी गाडीतच बसून राहावे. शेवटच्या नियमाचा अर्थ मी एकदा त्याला विचारला होता.

"आप्पा, वीज जमिनीत जायाची वाट बगते," तो म्हणाला. "तुमी समदं गाडीत, तर तुमी तिच्या वाटंत न्हाय. एक पाय जमिनीवर आन हात गाडीला, की तुमीच तिची वाट."

"आन गाडी पेटली तर?"

"तर मंग उडी. दोनी पाय जोडून, कशाला न धरता. आन पाय न फाकता टुणूक टुणूक लांब जायाचं."

मी हसलो. तो हसला नाही.

आता मुख्य गोष्ट. सन १९३४च्या चैत्रात धर्माजीच्या मुलीचे, राहीचे, लग्न ठरले. मुलगा किहीमच्या कोंडाजीचा हिरामण. कोंडाजीची नारळाची वाडी होती, आणि मानपानाच्या बाबतीत त्याचे घराणे फार कडक म्हणून प्रसिद्ध होते. त्याच्या धाकट्या भावाच्या लग्नात रुमालाचा रंग पसंत न पडल्यावरून वऱ्हाड जेवणाच्या पंगतीवरून उठले होते, व ही हकिगत ते लोक स्वतःच अभिमानाने सांगत. कोंडाजीची बायको रंगूबाई मनाने चांगली होती. परंतु विहीण झाल्यावर चांगुलपणा दाखविणे हा कमीपणा आहे असे तिला तिच्या सासूने शिकविले होते.

वऱ्हाड बैलगाडीने न आणता कोंडाजीने म्हसळ्याच्या सिराजुद्दीनची सर्व्हिस मोटार ठरविली. मोटारीच्या दोन्ही बाजूंना केळीचे ओले खुंट बांधले होते व पुढे झेंडूच्या माळा होत्या. आत सतरा माणसे होती. मुहूर्त दुपारचा होता. मोटार सकाळी नवाच्या सुमारास आमच्या शिवेवर आली. आमच्याकडील रीत अशी की, वऱ्हाड शिवेवर आले म्हणजे मुलीच्या आईने तांब्या घेऊन पुढे व्हावे, भाकरतुकडा ओवाळून टाकावा, नवऱ्या मुलाच्या व विहिणीच्या पायांवर पाणी घालावे, आणि मग हाताला धरून त्यांना खाली उतरवावे. त्याप्रमाणे धर्माजीची बायको ठमाबाई तांब्या घेऊन उभी होती, मागे बायका होत्या, सनईवाला सदू गाल फुगवून तयार होता, आणि भटजी पंचांग घेऊन सावलीत बसले होते. मीही उपस्थित होतो.

वाजंत्री ऐकून नवरदेवाकडील मंडळींनी सिराजुद्दीनला भोंगा वाजवीत, वळसा घेऊन, थाटात मोटार उभी करण्यास सांगितले. त्याने वळसा घेतला. मोटारीची मागची बाजू खांबावर आदळली. खांब मधोमध मोडून वाकला आणि एक तार सुटून मोटारीच्या टपावर आडवी पडली. एकदा कडाडकन निळा प्रकाश झाला. त्यानंतर काहीच झाले नाही. तार टपावर निमूट पडून राहिली. हेच सर्वांत वाईट झाले, कारण निमूट पडलेल्या वस्तूला आमचे लोक भीत नाहीत.

"उतरू नगा!" धर्माजी ओरडला. "कुनी उतरू नगा! ठमे, मागं हो! समदी मागं व्हा, चिंचेपातुर!"

"काय झालं?" मोटारीतून कोंडाजी म्हणाला. "खांबच मोडला न्हवं? भरून देऊ. चला, उतरा रं."

"व्याही, तारंत वीज हाय. बसून ऱ्हावा."

"कुटं हाय? मला दिसत न्हाय."

"दिसत न्हाय, पन हाय."

"मोटारीत बसलेल्या सतरा जनास्नी दिसंना, आन तुलाच बरी दिसती!" असे म्हणून कोंडाजीने दार उघडले व पाय पायरीवर टाकला. मोटारीत सर्व जण हसले. एकटा सिराजुद्दीन हसला नाही; तो दोन्ही हात मांडीवर घेऊन पुतळ्यासारखा बसला होता. इकडे मुलीकडील बायकाही थांबेनात. व्याही उतरतात आणि पायांवर पाणी नाही, ही बेअब्रू त्यांना विजेपेक्षा जवळची होती. ठमाबाई तांब्या घेऊन चालू लागली. मी पाहिले, कोंडाजीचा दुसरा पाय पायरीवरून सुटला होता आणि जमिनीपासून वीतभर उंच होता. हात दाराच्या दांडीला होता.

धर्माजीने त्या एका क्षणात काय विचार केला हे त्याने मला कधी सांगितले नाही. एका बाजूला सतरा जीव व स्वतःची बायको, आणि दुसऱ्या बाजूला राहीचे लग्न, एवढे मात्र तेथे उभ्या असलेल्या कोणालाही कळण्यासारखे होते.

"उतरा की व्याही, उतरा!" तो एकदम मोठ्याने म्हणाला. "आमच्या गावात ववाळल्याबिगर जो वऱ्हाडी उतरतो, त्याला आमी भिकारी म्हनतो. उतरा, तुमास्नी चालत आसंल!"

कोंडाजीचा पाय जेथे होता तेथेच थांबला.

"काय म्हनलास?"

"भिकारी म्हनलो. पायघड्या घातल्या न्हाईत, घालनार न्हाय. किहीमच्या लोकांस्नी मान कशाला लागतो?"

पाय वर गेला. दार आतून आपटले गेले. "बसा रं समदी!" कोंडाजी आतून गर्जला. "ह्यो मानूस मोटारीम्होरं डोकं टेकत न्हाय तवर कोन उतरला तर माज्याशी गाठ हाय!" सतरा माणसे आसनांवर अशी घट्ट बसली की, कंपनीच्या फोरमनला पाहून समाधान वाटले असते.

परंतु नियमाचा अर्धाच भाग पाळला गेला होता. व्याही रुसले की मुलीकडच्यांनी त्यांची समजूत घालण्यास धावावे, हीही आमची रीत आहे. आणि समजूत हात धरून व पायांना हात लावूनच घातली जाते. धर्माजीचे दोन चुलते नारळ घेऊन मोटारीकडे निघाले. तेव्हा धर्माजी त्यांच्या आडवा आला आणि म्हणाला, "कुटं जाता? विहीन आतून काय बोलली ऐकलं का? म्हनली, खारकोंडच्या बायका भांडी घासायला बऱ्या."

रंगूबाई असे काही बोलली नव्हती. मी शपथेवर सांगू शकतो. पण बायका जागच्या जागी थांबल्या, चुलत्यांनी नारळ खाली ठेवले, आणि सर्व मंडळी चिंचेखाली जाऊन पाठ फिरवून बसली. मोटार तेथून चाळीस पावले होती. अशा रीतीने दोन्ही पक्ष सुरक्षित अंतरावर आले, आणि एकमेकांचे पूर्वज काढू लागले.

"किहीमची खारी माणसं! विहिरीचं पानी बी खारं!"

"गोडं पानी पिऊन तुमच्या जिभा बग कशा झाल्या!"

दरम्यान धर्माजीने सदूला सनई ठेवून गिरणीकडे पिटाळले, कारण कंपनीचा टेलिफोन गिरणीत होता. दोन मैल धावत गेलेला सदू दोन मैल धावत परत आला. टेलिफोनजवळच्या कारकुनाने सांगितले होते की, तोंडी सांगण्यावरून वीज बंद करता येत नाही, लेखी अर्ज आणावा. आमच्यात लिहिता येणारे एकटे भटजी. जवळ कोरा कागद नव्हता, तेव्हा त्यांनी लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूवर अर्ज लिहिला. कारकुनाने प्रथम पुढची बाजू वाचली व मुहूर्त टळून जाईल अशी काळजी दाखविली, असे सदूने सांगितले.

सदू दुसऱ्यांदा गेला तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. मोटारीच्या एका चाकातून बारीक धूर निघू लागला.

"या अल्ला! धर्माजीभाय, टायरातून वास येतोय," सिराजुद्दीन न हलता म्हणाला. "आग लागली तर काय करू?"

"जाळ दिसला तरच उडी, भाय. तवर न्हाय." आणि ती उडी कशी मारावी हे धर्माजीने प्रत्यक्ष करून दाखविले. अंगात लग्नाचा कोट, डोक्याला फेटा, अशा वेषात वधूपित्याने दोन्ही पाय जोडून एक उडी घेतली व नंतर बेडकाप्रमाणे टुणूक टुणूक करीत तो वीस हात गेला. ते करून तो पुन्हा आला व पुन्हा एकदा दाखविले. मोटारीतून संतापाचा कल्लोळ उठला. "आमास्नी वाकुल्या दाखवतोस? नाचून दाखवतोस?" सिराजुद्दीन मात्र मान हलवून हलवून बघत होता. धूर थोड्या वेळाने आपोआप कमी झाला.

मग रंगूबाई खिडकीत आली. तिच्या आवाजात विहीणपणा उरला नव्हता. ती म्हणाली, "व्याही, बोलनं जाऊ द्या. घोटभर पानी द्या. माज्यानं ऱ्हावत न्हाय."

दारी आलेल्याने पाणी मागितल्यावर नाही म्हणणे हे आमच्याकडे शत्रूही करीत नाही. धर्माजीने खाली मान घातली.

"पानी देता येत न्हाय, विहीनबाय."

"पानी?"

"न्हाय देत."

रंगूबाई खिडकीतून आत गेली. ठमाबाईला ते सोसले नाही. ती उठली, तांब्या घेतला, आणि नवऱ्याकडे न बघता मोटारीकडे सरळ निघाली. धर्माजीने तिचा पदर धरला. तिने तो हिसडा देऊन सोडविला. त्याच वेळी एक शेळी, जी सकाळपासून केळीच्या ओल्या खुंटांवर डोळा ठेवून होती, ती दुसऱ्या बाजूने मोटारीजवळ गेली आणि तिने खुंटाला तोंड लावले. ती ओरडलीसुद्धा नाही. चारही पाय ताठ करून आडवी झाली आणि तिच्या तोंडाशी धूर दिसला.

ती शेळी माझी होती.

ठमाबाई तांब्या घेऊन उभी होती तेथेच उभी राहिली. मग एकेक पाऊल मागे टाकीत, मोटारीकडेच तोंड करून, ती चिंचेपर्यंत आली. कोंडाजीने खिडकीच्या काठावर ठेवलेला हात हळूच आत घेतला.

बऱ्याच वेळाने सदू आला व वीज बंद केली असे म्हणाला. सर्व जण उठले; धर्माजीने तरीही कोणाला हलू दिले नाही. फोरमन सायकलवरून आला, त्याने लांब बांबूने तारेला साखळी अडकवून तिचे दुसरे टोक जमिनीत पुरले, मोटारीला स्वतः हात लावून पाहिला, आणि मगच धर्माजी पुढे झाला. त्याने मोटारीपुढे फेटा काढून ठेवला व जमिनीवर डोके टेकले. "चुकलो, व्याही. आता उतरा. पानी घ्या," तो म्हणाला.

कोंडाजी उतरला. त्याने शेळीकडे पाहिले, तारेकडे पाहिले, आणि म्हणाला, "जीव वाचवलास ते मी मानतो. पन भिकारी म्हनलास त्याचं काय? आन पानी न्हाय दिलंस त्याचं काय?"

लग्न गोरज मुहूर्तावर लागले. राहीला सासरी पाठविताना तिची आई रडली, बाप रडला नाही. तो मोडलेल्या खांबाशी फोरमनबरोबर उभा होता. पुढे कंपनीचे पत्र आले. सदर दिवशी खांबास धक्का लागला तेव्हा पहारेकरी कोठे होता, याचा खुलासा मागविला होता. भटजींकडून धर्माजीने उत्तर लिहविले की, मी जवळच होतो, रजेवर होतो.

किहीमला ही गोष्ट आजही सांगितली जाते ती अशी की, खारकोंडच्या लोकांनी चैत्राच्या उन्हात वऱ्हाडाला मोटारीतून उतरू दिले नाही, विहिणीला पाणी दिले नाही, आणि वधूपिता पुढे नाचला. यात एकही शब्द खोटा नाही. वाचलेल्या सतरांपैकी सिराजुद्दीन तेवढा निराळे सांगतो. तो प्रत्येक नव्या क्लीनरला पाय जोडून उडी मारावयास शिकवतो. दोन वर्षे कोंडाजीने राहीला गौरीलाही माहेरी पाठविले नाही. ठमाबाई सणाच्या दिवशी नवऱ्याशी बोलत नसे. मी एकदा धर्माजीला म्हणालो की, किहीमला जाऊन सर्व नीट समजावून सांग, शेळीचा दाखला दे. तो म्हणाला, "समजलंय त्येंला, आप्पा. समजल्यावरच त्येंला राग आलाय." तिसऱ्या वर्षी राही मुलाला घेऊन आली. तेव्हा त्याने लग्नाच्या दिवसानंतर पहिल्यांदाच रजा मागितली.

कंपनीने नवीन खांबावर एक लोखंडी पाटी लावली. तिच्यावर कवटीचे चित्र व इंग्रजी मजकूर आहे. आमचे लोक त्या कवटीला शेंदूर लावू लागले आहेत.

गेल्या वर्षी, म्हणजे सन १९३८च्या अखेरीस, मी प्रौढांच्या वर्गात जाऊन लिहावयास शिकलो हे समजल्यावर धर्माजी माझ्याकडे आला. त्याने एक साफ केलेली सागाची फळी आणली होती. ती माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "आप्पा, दर टायमाला वऱ्हाडच आसंल आसं न्हाय. दर टायमाला मानूस रुसंल आसं बी न्हाय. हिच्यावर आपल्या भाषंत लिवून द्या. तार गाडीवर पडली तर आतल्यांनी उतरू न्हये, भायेरच्यांनी शिवू न्हये. येवडंच. अक्षर मोटं काडा."